तोशिमा-कु आणि तोशिमा-मुरा: एकच नाव, एकच टोकियो

नकाशावर 'तोशिमा, टोकियो' शोधलंत तर दोन जागा सापडतील आणि दोन्ही बरोबर असतील. पहिली म्हणजे टोकियोच्या २३ वॉर्डांपैकी एक. जेमतेम १३ चौरस किलोमीटर जागा आणि त्यात ३ लाख माणसं. जपानमध्ये इतकी दाट वस्ती दुसऱ्या कुठल्याही वॉर्डात, शहरात किंवा गावात नाही. दुसरी जागा म्हणजे टोकियोच्या दक्षिणेला भर समुद्रातलं, सव्वाचार चौरस किलोमीटरही न भरणारं एक बेट. तिथे राहतात सव्वातीनशेच्या आसपास लोक. उच्चार अगदी एकसारखा आणि दोन्ही टोकियो महानगराच्याच कारभाराखाली, त्यामुळे परक्या वाचकाची गल्लत होणारच.

लिहिलेलं नाव पाहिलं की जपानी माणूस मात्र फसत नाही. 'शिमा' म्हणजे बेट, ते चिन्ह दोन्हीकडे तेच. 'तो' वेगळा. वॉर्डाच्या नावातला 'तो' भरभराटीचा, बेटाच्या नावातला लाभाचा. आपल्याला देवनागरीत हा फरक दाखवता येत नाही, म्हणून शेपटाकडे बघावं: 'कु' असेल तर शहरातला वॉर्ड, 'मुरा' असेल तर गाव. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो.

उरलेला निम्मा घोळ असा, की नावात 'बेट' असलेल्या वॉर्डाला समुद्रकिनाराच नाही. हे नाव आलं जुन्या तोशिमा परगण्यावरून. एके काळी टोकियोची खाडी खूप आतपर्यंत शिरलेली होती आणि तिच्यात पुष्कळ बेटं होती, त्यावरून परगण्याला हे नाव पडलं असं सांगतात. १८७८ साली त्या परगण्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. योगायोग बघा, त्याच वर्षी टोकियोच्या दक्षिणेकडच्या इझु बेटांचा कारभार शिझुओका प्रांताकडून काढून टोकियोकडे दिला गेला आणि त्यांच्याबरोबर आपलं छोटं तोशिमाही टोकियोत आलं. पुढे १९३२ मध्ये उत्तर तोशिमातली सुगामो, निशी-सुगामो, ताकादा आणि नागासाकी ही चार गावं एकत्र करून आजचा वॉर्ड झाला. (हे नागासाकी अणुबॉम्ब पडला ते नव्हे. नावांची गंमत इथे संपतच नाही.)

वॉर्डाचं काळीज म्हणजे इकेबुकुरो स्टेशन, जगातल्या सर्वात गजबजलेल्या स्टेशनांपैकी एक. स्टेशनाला लागूनच सेइबु आणि तोबु ही दोन मोठी दुकानं आहेत, आणि नवख्याला इथे एक गोष्ट हमखास चकवते. सेइबु नावातला 'सेइ' म्हणजे पश्चिम, तोबु नावातला 'तो' म्हणजे पूर्व. पण सेइबुचं दुकान आहे पूर्वेच्या दाराला आणि तोबुचं पश्चिमेच्या. भेटायची वेळ ठरवताना दुकानाचं नाव न सांगता दाराची दिशा सांगावी, म्हणजे चुकामूक होत नाही. पूर्वेच्या बाजूने थोडं चाललं की १९७८ मध्ये उभी राहिलेली ६० मजली 'सनशाइन ६०' इमारत दिसते. खाली दुकानं, मत्स्यालय आणि सुटीच्या दिवशी पोरांची झुंबड. याच जागेवर सुगामो तुरुंग होता. डिसेंबर १९४८ मध्ये माजी पंतप्रधान तोजो आणि आणखी सहा जणांना युद्धगुन्ह्यांसाठी तिथेच फाशी दिलं गेलं. जागा इतकी मोलाची, की एवढा इतिहासही बाजूला सरतो.

जागेची टंचाई म्हणजे काय हे बघायचं तर वॉर्ड ऑफिसात जावं. २०१५ मध्ये उघडलेलं हे कार्यालय ४९ मजली निवासी इमारतीच्या पोटात आहे. खालच्या मजल्यांवर दाखले, कर आणि नोंदणीच्या खिडक्या, दहाव्या मजल्यावर लोकांसाठी बाग आणि अकराव्यापासून वर लोकांची घरं. जुन्या कार्यालयाची जमीन दीर्घ भाड्याने देऊन वॉर्डाने नव्याचा पैसा उभा केला. मला ही युक्ती फार आवडते.

आता बेट. लांबून तोशिमा-मुरा समुद्रात पालथ्या घातलेल्या द्रोणासारखं दिसतं. मधोमध ५०८ मीटर उंचीचा मियाझुका डोंगर, उत्तरेच्या उतारावर एकच वस्ती आणि बाकी जवळजवळ सगळीकडे त्सुबाकीची, म्हणजे कॅमेलियाची झाडं. झाडं सुमारे २ लाख. माणशी सहाशेच्या वर! चहाच्याच कुळातलं हे झाड. त्याच्या बियांचं तेल केसांना लावतात, तळणीलाही वापरतात, आणि बेटाचं पोट त्यावर चालतं. बी झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडू देतात. म्हणून आधी झाडाखालचं गवत कापून जमीन लख्ख करायची. उतारावर ताली घातलेल्या असतात, नाहीतर बिया गडगडत खाली जातील. मग ऐन थंडीत, वर लाल फुलं उमललेली असताना, खाली वाकून एकेक बी हाताने वेचायचं. गावात शाळा नववीपर्यंतच. पंधराव्या वर्षी प्रत्येक मूल शिकायला बेट सोडतं.

वॉर्डालाही त्याचं झाड आहे, ते विसरू नये. जपानभर वसंतात एकाच वेळी फुलणारा सोमेइ-योशिनो साकुरा, म्हणजे चेरीचा एक प्रकार, या वॉर्डातल्या कोमागोमे भागातल्या जुन्या सोमेइ गावच्या माळ्यांनी प्रसिद्ध केला. आज तिथे रोपवाटिका नाहीत, घरं आहेत.

या दोघांपैकी ओसाड पडायची भीती कोणाला, असं विचारलं तर कोणीही बेटाकडे बोट दाखवेल. पण २०१४ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासगटाने भविष्यात नाहीशी होऊ शकतील अशा ८९६ गावा-शहरांची यादी काढली, तेव्हा टोकियोच्या २३ वॉर्डांपैकी त्यात एकच नाव होतं: तोशिमा-कु. २०४० पर्यंत २० ते ३९ वयाच्या स्त्रियांची संख्या निम्म्याहून कमी होईल का, हा निकष होता. वॉर्डात तरुण येतात, एका खोलीत राहतात आणि लग्न झालं, मूल झालं की मोठ्या घरासाठी दुसरीकडे जातात. गर्दी कायम, पण मुळं धरत नाहीत. वॉर्डाला याची जाण आधीपासून होती. २००४ पासूनच तिथे नव्या इमारतीतल्या प्रत्येक अगदी लहान घरामागे ५ लाख येन कर आहे. यादी आल्यावर पाळणाघरांवर जोर दिला आणि २०१७ मध्ये त्यांची प्रतीक्षायादी शून्यावर आणली. २०२४ च्या नव्या यादीत तोशिमा-कु नाही. वस्तीची दाटी आणि वस्तीचं टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

जाता जाता आणखी दोन चकवे. तोशिमाएन हे २०२० मध्ये बंद झालेलं करमणूक उद्यान शेजारच्या नेरिमा वॉर्डात होतं, तोशिमात नव्हे. आणि कागावा प्रांतात सेतो समुद्रात एक बेट आहे, त्याचं नाव लिहितात वॉर्डासारखंच, पण वाचतात 'तेशिमा'.

एका तोशिमातून दुसऱ्यात जायचं तर इकेबुकुरोहून यामानोते लाइनच्या रेल्वेने हामामात्सुचो स्टेशन, तिथून चालत ताकेशिबा बंदर. रात्री सुटलेलं जहाज सकाळी बेटापाशी पोहोचतं. तिथे आडोशाचं बंदर नाही. लाटा मोठ्या असतील तर जहाज धक्क्याला न लागता तसंच पुढच्या बेटाकडे निघून जातं.