लूकचे दोन वारस

मंचाच्या एका बाजूला गायकांचा ताफा, दुसऱ्या बाजूला उभा केलेला काळा कॅनव्हास. गाणे सुरू झाले की चित्रकार रुंद कुंचला रंगात बुडवतो आणि फटकारे मारू लागतो. दहा-पंधरा मिनिटे नुसते डाग आणि ओघळ दिसतात. गाणे संपत आले की कॅनव्हास उलटा फिरवला जातो, आणि काट्यांचा मुकुट घातलेला येशूचा चेहरा समोर येतो. टाळ्या ओसरल्यावर माइक वक्त्याच्या हाती जातो. शुभवर्तमाने, म्हणजे बायबलातले येशूच्या जीवनाचे चार वृत्तांत, केव्हा लिहिली गेली, हस्तलिखिते किती आहेत, लिहिणाऱ्यांनी स्वतः पाहिले होते की नुसते ऐकले होते, हे तो एखाद्या वकिलासारखा मांडतो. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या वचनावर सारा भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये या दोन्ही गोष्टी आता चांगल्याच रुळल्या आहेत. कधी त्या वेगवेगळ्या कार्यक्रमांत असतात, कधी एकाच मंचावर.

पाहणाऱ्याला यात विसंगती जाणवत नाही, पण ती आहे. येशू दिसायला कसा होता याबद्दल चारही शुभवर्तमानांत एक ओळ नाही. उंची नाही, वर्ण नाही, दाढी नाही. डोंगरावर त्याचे मुख सूर्यासारखे तेजस्वी झाले असे मत्तय सांगतो, पण ते मुख कसे होते हे सांगत नाही. म्हणजे चित्रकाराला कल्पना केल्यावाचून गत्यंतर नाही. वक्त्याचा सारा भर मात्र या ग्रंथांत कल्पनेने काही घातलेले नाही, हे पटवण्यावर. एकाच श्रद्धेची ही दोन कामे परस्परांच्या उलट दिशेने ओढतात, आणि गंमत म्हणजे दोघांचाही मूळपुरुष एकच मानला जातो: लूक.

लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच हमी दिली आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टी आपण मुळापासून नीट तपासल्या आणि क्रमवार लिहिल्या, म्हणजे वाचणाऱ्याला खात्री पटावी, असे तो ज्याच्यासाठी लिहिले त्या थियफिलला सांगतो. शुभवर्तमानांच्या विश्वसनीयतेवर बोलणारा वक्ता आजही बहुधा याच चार वचनांपासून सुरुवात करतो. पुढे काही शतकांनी याच लूकबद्दल दुसरी कथा प्रचलित झाली. तो चित्रकारही होता आणि मरियेचे चित्र त्याने तिला समोर बसवून काढले, ही ती कथा. इतिहास म्हणून तिला आधार नाही. पण युरोपातल्या चित्रकारांनी ती मनापासून स्वीकारली. अँटवर्पसारख्या शहरांत चित्रकारांचे संघ संत लूकच्या नावाने चालत. रोगियर व्हॅन डर वेडनने पंधराव्या शतकात मरियेसमोर रेखाटन करणारा लूक रंगवला, ते चित्र आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. ख्रिस्ती परंपरेत समोर बसून चित्र काढण्याचा मान पहिल्यांदा मिळाला तो असा, एका साक्षीदाराला. चित्र खरे का, तर काढणाऱ्याने पाहिले होते म्हणून. ग्रंथाचा दावाही तोच.

लूकच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या चित्रांपैकी एक रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये आहे. 1569 मध्ये जेझुइटांनी, म्हणजे येशू संघाच्या कॅथलिक पाद्र्यांनी, पोपच्या परवानगीने त्याची नक्कल करून घेतली आणि तिच्या प्रती जगभरच्या आपल्या ठाण्यांवर पाठवल्या. त्यातली एक गोव्यामार्गे फतेहपूर सिक्रीला पोचली. अकबराच्या बोलावण्यावरून रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को एन्रिकेस हे तिघे पाद्री 1579च्या अखेरीस गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी 1580 मध्ये दरबारी हजर झाले. सोबत अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतले बायबल होते. बादशहाने त्याचे खंड आदराने मस्तकी लावले, असे मोन्सेरातने लिहून ठेवले आहे. मरियेचे चित्र पाहायला तो आपले चित्रकार घेऊन आला. पुढच्या काही वर्षांत केशवदास, बसावन यांच्यासारखे मुघल चित्रकार युरोपीय कोरीव चित्रांवरून येशू-मरिया, संत आणि देवदूत रंगवू लागले.

पण चित्रापुढे आदर दाखवणे वेगळे आणि ग्रंथ मान्य करणे वेगळे. उलेमांशी झालेल्या वादात पहिलाच विषय निघाला तो पवित्र ग्रंथाच्या प्रामाण्याचा. मूळ इंजील (शुभवर्तमान) ईश्वरी असले तरी ख्रिस्ती लोकांच्या हातात आज असलेला मजकूर बदललेला आहे, हा मुसलमान पंडितांचा जुना आक्षेप; त्याला 'तहरीफ' म्हणतात. पुढे हिएरोनिमो झेवियर या जेझुइटाने फारसी शिकून 1602 मध्ये अकबराला येशूचे चरित्र लिहून दिले आणि दरबारी कलावंतांनी त्याच्या प्रती चित्रांनी सजवल्या. जहांगीरच्या काळात त्याने ख्रिस्ती मताच्या समर्थनाचा एक संवादग्रंथही फारसीत पुरा केला. इस्फहानच्या एका पंडिताने त्याचे खंडन लिहिले. चित्रे मात्र खंडनाविना राजवाड्यांच्या भिंतींवर गेली. आक्वाविवा 1583 मध्ये गोव्यात परतला आणि त्याच वर्षी कुंकळ्ळीत मारला गेला. गोव्याच्या वाचकांना कुंकळ्ळी हे नाव पोर्तुगिजांविरुद्धच्या उठावामुळे ठाऊक असते.

युरोपात तोवर चित्रांवरच गदा आली होती. 1524 मध्ये झुरिकच्या चर्चमधून चित्रे-मूर्ती उतरवण्यात आल्या, 1566 मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी त्या फोडल्या. मूर्तिपूजा नको, वचन पुरे, हा सुधारकांचा आग्रह. अमेरिकेतल्या मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट मंडळ्या याच घराण्यातल्या, त्यांच्या भिंती कोऱ्या. मग त्याच मंडळ्यांत रंगाचे डबे मंचावर कसे आले?

वाट निघाली ती शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गातल्या फळ्यावरून. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला शटॉक्वा सरोवराकाठी 1874 मध्ये शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर सुरू झाले आणि बघता बघता ती मोठी लोकशिक्षणाची चळवळ झाली. तिथे फ्रँक बेअर्ड या व्यंगचित्रकाराने बोलता बोलता खडूने चित्र काढण्याची हातोटी लोकप्रिय केली. यादवी युद्धाच्या काळात नियतकालिकांसाठी रेखाटने करणारा हा माणूस मेथडिस्ट होता. त्याचे तंत्र असे: दोन-चार रेघा ओढायच्या, बोलत राहायचे, ऐकणाऱ्यांना वाटावे की घर काढतोय, आणि शेवटच्या रेघेने त्या घराची कबर करायची. दारूबंदीच्या प्रचारात ही युक्ती विशेष चाले. शिक्षकांना हे शिकवणारे त्याचे पुस्तक 1896 मध्ये निघाले. आपल्या पिंगुळीचा चित्रकथी तयार चित्रे एकेक करून पुढे धरतो. इथे चित्र तयार नसणे हाच खेळ.

कोऱ्या भिंतीच्या मंडळ्यांना हे का चालले, याचे उत्तर माझ्या मते डस्टरमध्ये आहे. फळ्यावरचे चित्र सभा संपली की पुसले जाते. त्यापुढे कुणी मेणबत्ती लावणार नाही, गुडघे टेकणार नाही. जे उरत नाही त्याची मूर्ती होत नाही. शिवाय चित्र प्रवचनाला बांधलेले, बोलणे थांबले की तेही थांबते. विसाव्या शतकात खडूवाल्यांनी रंगीत दिवे आणले, अतिनील प्रकाशातच दिसणारे खडू आणले. वधस्तंभाचे दृश्य काढून झाल्यावर दिवे बदलत आणि आकाशात लपलेला ख्रिस्त उजळून निघे. आजच्या उलट्या कॅनव्हासचा हा सरळ पूर्वज.

दुसरा पूर्वज चर्चबाहेरचा. डेनी डेंट हा चित्रकार 1980 नंतर दोन्ही हातांत कुंचले घेऊन, रॉक संगीताच्या ठेक्यावर काही मिनिटांत जॉन लेनन किंवा जिमी हेंड्रिक्स उभा करून दाखवू लागला. त्या सुमारास अनेक इव्हँजेलिकल आणि करिश्मॅटिक (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) मंडळ्यांच्या उपासनेत ऑर्गनची जागा गिटार आणि ड्रम घेत होते. मंच होता, दिवे होते, बँड होता. वेगाने काढलेला चेहरा तिथे यायला फार वेळ लागला नाही. एक फरक मात्र पडला. खडूवाला उपदेश समजावण्यासाठी रेघ ओढत असे. नवा चित्रकार बोलतच नाही. चित्र काढणे हीच आपली प्रार्थना, असे तो मानतो, आणि काही मंडळ्यांत तर आत्म्याने दाखवले ते रंगवले असाही दावा होतो. कॅनव्हासही पुसला जात नाही, कित्येकदा मदतनिधीसाठी त्याचा लिलाव होतो. झुरिकच्या सुधारकांना हे पटले असते असे वाटत नाही.

खडूवाला आणि हा नवा चित्रकार यांच्या मधे शिकागोचा वॉर्नर सॉलमन येतो. 1924 मध्ये एका ख्रिस्ती मासिकासाठी त्याने कोळशाने येशूचे मस्तक रेखाटले आणि 1940 मध्ये ते तैलरंगात काढले. मऊ तपकिरी केस, वर वळलेली नजर, चेहऱ्यावर पिवळसर उजेड. त्याच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. सॉलमन चर्चमध्ये जाऊन लोकांसमोर हेच मस्तक खडूने काढूनही दाखवत असे. अनेकांना येशू 'असाच होता' असे वाटू लागले. वास्तविक सर्वात जुन्या चित्रांपैकी सीरियातल्या दुरा-युरोपोस इथले, तिसऱ्या शतकातले चित्र पाहिले तर तिथला येशू आखूड केसांचा आणि बिनदाढीचा आहे. संत ऑगस्टीनने तर पाचव्या शतकातच लिहून ठेवले की प्रभूचा चेहरा प्रत्येक जण वेगळा कल्पितो, तो खरा कसा होता हे आपल्याला ठाऊक नाही, आणि श्रद्धेचे त्यावाचून अडत नाही. सॉलमनच्याच काळात आंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार, अवनींद्रनाथ ठाकुरांचा शिष्य, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडीतली मरिया रंगवत होता. त्यावरून गोव्यात त्याच्यावर टीका झाली. निळ्या डोळ्यांची मरियाही तितकीच कल्पित होती, पण तिच्यावर कुणी रागावले नाही.

आता वक्त्याकडे. त्याची वंशावळ तितकी रंगीत नाही, पण अधिक झोंबरी आहे. 1707 मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन मिलने ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली आणि हस्तलिखितांतले सुमारे 30,000 पाठभेद नोंदवले. श्रद्धावंत हादरले, टीकाकारांना कोलीत मिळाले. त्यावर रिचर्ड बेंटली या भाषापंडिताने 1713 मध्ये दिलेले उत्तर आजही जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते: हस्तलिखिते जास्त म्हणून भेद जास्त, पण मूळ पाठ शोधण्याची साधनेही म्हणूनच जास्त. पुढचा धक्का जर्मनीतून आला. 1835 मध्ये डेव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउसने येशूचे चरित्र लिहून चमत्कारांच्या कथा म्हणजे आद्य मंडळीने रचलेली मिथके, असे मांडले. अमेरिकेत हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ यांनी 1846 मध्ये चारही शुभवर्तमानकारांची साक्ष न्यायालयातल्या पुराव्याच्या नियमांनी तपासली आणि ती टिकते असा निवाडा दिला. आज मंचावर दिसणारा वकिली थाट तिथून आला.

या वादाचा भारतातला अंक फारसा सांगितला जात नाही. 10 आणि 11 एप्रिल 1854 रोजी आग्र्यात कार्ल फांडर हा जर्मन मिशनरी आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी समोरासमोर बसले. ठरलेले विषय पाच, पण दोन दिवसांत चर्चा पहिल्या दोघांपुढे सरकलीच नाही, आणि त्यातला एक तहरीफचा. फांडरला तीच जुनी चर्चा अपेक्षित होती. पण रहमतुल्लाह यांचे साथीदार डॉ. वझीर खान इंग्रजी जाणत, आणि दोघांनी मिळून युरोपातल्याच बायबल-टीकाकारांचे ग्रंथ पुढे ठेवले. काही ठिकाणी मजकुरात फेरफार झाल्याचे फांडरला भर सभेत कबूल करावे लागले. मूळ शिकवण त्याने बदलत नाही, हा त्याचा बचाव श्रोत्यांपैकी फार थोड्यांना पटला असावा. ज्या आग्र्यात अडीच शतकांपूर्वी येशूची चित्रे कौतुकाने रंगवली गेली, तिथेच येशूच्या ग्रंथाची अशी उलटतपासणी झाली.

मुंबईत तीनच वर्षांनी, 1857च्या जानेवारीपासून मेपर्यंत, समुद्रकाठी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद रंगले. त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने छापला. त्याआधी 1831 मध्ये हिंदू पंडित मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांची गाठ पडली होती. या वादांत भर दोन धर्मांच्या तुलनेवर अधिक होता. हस्तलिखितांच्या बारकाव्यात आग्र्याइतके कुणी शिरले नाही.

विसाव्या शतकात वक्त्यांच्या हाती एक ठोस वस्तू आली. इजिप्तमध्ये 1920 साली विकत घेतलेल्या पपायरसांच्या चिटोऱ्यांत, हाताच्या तळव्यात मावेल एवढा, योहानाच्या अठराव्या अध्यायाचा एक तुकडा निघाला. कॉलिन रॉबर्ट्स यांनी तो 1935 मध्ये प्रसिद्ध केला आणि अक्षराच्या वळणावरून दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. योहानाचे शुभवर्तमान इ.स. 160-170च्या सुमाराचे मानणाऱ्या जर्मन मताला तो मोठा तडाखा होता. तेव्हापासून 'इ.स. 125' हा आकडा व्याख्यानांत ठाण मांडून बसला. 2005 मध्ये ब्रेंट नॉन्ग्ब्री या अभ्यासकाने दाखवून दिले की नुसत्या अक्षरवळणावरून इतका नेमका काळ सांगता येत नाही, तुकडा दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या आरंभीचाही असू शकतो. त्याचप्रमाणे मार्कच्या शेवटच्या बारा ओळी आणि योहानातला व्यभिचारिणीचा प्रसंग सर्वात जुन्या मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. हे आता बायबलच्या बहुतेक आधुनिक आवृत्त्या स्वतःच तळटीप देऊन सांगतात. त्यामुळे सावध वक्ते 'एक अक्षर बदललेले नाही' असे म्हणणे टाळतात. कुठे बदलले हे आपल्याला कळू शकते, असे ते म्हणतात, आणि तसे पाहिले तर हे बेंटलीचेच उत्तर आहे.