कंबर, दमसास आणि धमनी : तीन वाटा कशा जुळल्या

मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे वाढलेली कंबर, रक्तदाब, साखर आणि रक्तातल्या चरबीचा बिघाड असे एकत्र जडलेले दोष, असलेल्यांनी दमसास वाढवला तर धमन्या सुधारतात का? हा प्रश्न अलीकडचा वाटतो, पण त्यातले तिन्ही धागे शंभर वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या आत हाती आले होते.

1922 मध्ये ब्रॅमवेल आणि ए. व्ही. हिल या इंग्रज संशोधकांनी नाडीच्या लाटेचा वेग माणसात मोजला. हृदयाचा ठोका पडला की दाबाची लाट धमन्यांतून निघते. भिंत जितकी ताठर, तितकी ती लाट वेगाने धावते. पुढच्याच वर्षी हिलने, स्वतः धावून, शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते हे मोजले. दमसासाचे हे माप आजही चालते. त्याच 1923 मध्ये स्वीडनच्या एस्किल किलिन यांनी रक्तदाब, रक्तातली साखर आणि यूरिक ॲसिड एकत्र वाढलेले रुग्ण नोंदवले; आजच्या मेटाबॉलिक सिंड्रोमचा धागा तो हाच.

म्हणजे धमनी आणि दमसास ही दोन्ही मापे एकाच माणसाच्या हातून गेली, आणि तरी त्यांची गाठ पडायला पुढे कित्येक दशके लागली.

मधल्या काळातला सर्वांत बोलका पुरावा लंडनच्या डबलडेकर बसमधला. 1953 मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी दाखवले की दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर उशिरा व सौम्य. 1956 मध्ये त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. ड्रायव्हरांची कंबर मोठीच निघाली. मग वाचवले कशाने, जिन्याने की सडपातळ कंबरेने? हा पेच मॉरिसनी लपवला नाही, म्हणून मला ते फार मोठे वाटतात.

कंबरेचे गांभीर्य मार्सेयच्या जाँ व्हाग यांनी 1947 मध्येच सांगितले होते : चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते ते पाहा. 1988 मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीरातल्या बिघाडांना ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. 2009 मध्ये यालाच म्हणतात त्या मेटाबॉलिक सिंड्रोमची व्याख्या एकसारखी झाली : कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), पाचांपैकी तीन बिघडले की निदान. या पाचांत दमसास नाही, धमनीचा लवचीकपणाही नाही. हे मला खटकते.

आपल्याकडे तर नुसत्या वजनावर भिस्त ठेवणे धोक्याचेच. 2004 मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 22.3; पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के.

धागे जुळले ते याच सुमारास. 2000 मध्ये अमेरिकेत तनाका आणि सहकाऱ्यांना दिसले की बैठ्या, पण निरोगी प्रौढ पुरुषांनी तीन महिने मुख्यतः चालण्याचा व्यायाम केला तरी मानेची धमनी अधिक लवचीक होते. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या रुग्णांवरचा ठळक प्रयोग नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा, 2008 चा. रुग्ण फक्त 32, अवधी 16 आठवडे. एका गटाने सलग मध्यम गतीचा व्यायाम केला, दुसऱ्याने चार-चार मिनिटे जोर लावून मधे दम खात. पहिल्याचा दमसास 16 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्याचा 35 टक्क्यांनी. आणि धमनीचे अस्तरही दुसऱ्या गटात जास्त सुधारले. वजन मात्र दोन्हींकडे जवळपास सारखेच उतरले होते.