सांधा असलेला आणि सांधा नसलेला: रोजच्या चाकूची पार्श्वभूमी

रोज जवळ बाळगायला मिटणारा चाकू बरा की म्यानात राहणारा छोटा अखंड चाकू, हा वाद ट्रेकर मंडळींत आणि चाकूंचा नाद असणाऱ्यांत कायम रंगतो. बोलणं लगेच पोलादाची प्रत, धारेचा कोन आणि किंमत यांवर घसरतं. खरं तर आठ सेंटिमीटरचं चांगलं पातं दोरी कापताना किंवा सफरचंद चिरताना कुठल्याही मुठीत सारखंच चालतं. फरक आहे तो सांध्याचा. मिटणाऱ्या चाकूत पातं आणि मूठ एका खिळ्यावर जोडलेली असतात, आणि सगळा भार त्या खिळ्यावर येतो. अखंड चाकूत पोलादाची एकच पट्टी मुठीत शिरलेली असते, त्यामुळे मोडायला किंवा बोटांवर मिटायला काही नसतंच. गेली अडीच हजार वर्षं कारागीर तो सांधा भक्कम करण्यामागे लागले आहेत. गंमत अशी की तो खरोखर भक्कम झाला, तेव्हा कायद्यांना तोच खुपू लागला.

वयाने अखंड चाकू अर्थातच थोरला. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवरच्या हिमनदीत ओत्झीचा देह सापडला. हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याचा एक छोटा चाकू होता, अ‍ॅशच्या लाकडाची मूठ बसवलेला, टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर. सोबत झाडाच्या सालीच्या धाग्यांचं विणलेलं म्यान होतं आणि ते कमरेला अडकवायची सोयही. आज लोक हौसेने विकत घेतात तो ‘छोटा फिक्स्ड ब्लेड’ याहून फारसा वेगळा नाही.

मिटणारा चाकू यायला धातूचं पातं आणि खिळा लागत होता. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू इसवी सनपूर्व ६०० ते ५०० च्या आसपासचा मानला जातो. रोमन काळात असे चाकू बरेच रुळले, मुठीवर शिकारी कुत्रा नि ससा कोरलेले नमुनेही सापडतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातलं चांदीचं एक मिटणारं अवजार आहे. त्यात चमचा, काटा, टोचणी असं बरंच काही आहे. पातं लोखंडी होतं, ते गंजून गेलं. या सगळ्यांत पातं जागेवर राहायचं ते नुसत्या घर्षणाने. खिळा सैल झाला की चाकू निकामी. म्हणून अंगमेहनतीच्या कामाला म्यानातली सुरीच राहिली, आणि मिटणारा चाकू प्रवासातल्या जेवणापुरता, थोडासा मिरवण्यापुरता.

मध्ययुगातल्या युरोपात जेवायला जाणारा माणूस आपली सुरी कमरेला लावूनच जायचा, कारण यजमान ताटाशी सुरी ठेवत नसे. टोकदार सुऱ्यांचा उपद्रव इतका, की १६६९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्यांवर बंदी घालून टोकं घासून गोल करायला लावली. चाकूने किती कापावं यापेक्षा तो कुठे आणि कसा न्यावा यावर राजाचं लक्ष असतं, ते तेव्हापासून. लेखणी छाटायचा चाकूसुद्धा सुरुवातीला अखंडच होता. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरू तासायला जसा धारदार चाकू लागे, तसाच तिकडे पिसाच्या लेखणीला. तो मिटून खिशात गेला तो नंतर.

घर्षणावरची भिस्त संपवली ती पाठीमागच्या स्प्रिंगने. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी ही रचना रुळवली. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी बसवायची, आणि तिने पात्याच्या बुडावर दाब द्यायचा. पातं पूर्ण उघडलं की ‘टक्’ करून बसतं, मिटवताना थोडा जोर लावावा लागतो. हे कुलूप नव्हे, नुसता विरोध आहे. टोकाने काही खुपसायला गेलं तर पातं बोटांवर येऊ शकतं. तरीही पुढची तीनेकशे वर्षं जगभरच्या खिशांवर याच रचनेचं राज्य होतं. शेफील्डला हा व्यवसाय जुनाच. तिथल्या कारागिरांच्या संघाची कायदेशीर स्थापना १६२४ मधली. पुढे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकसारखं पोलाद काढलं आणि स्प्रिंगला हवं तसं लवचीक साहित्य मिळालं. या भरभराटीची किंमत धार लावणाऱ्यांनी चुकवली. कोरड्या दगडाची धूळ फुप्फुसांत जाऊन त्यांतले कितीतरी तरुणपणीच मेले.

स्पेनने वेगळी वाट धरली. तिथे साध्या माणसांनी तलवार आणि खंजीर बाळगण्यावर निर्बंध आले, तसा मिटणारा लांबलचक नवाखा लोकप्रिय झाला. आल्बासेते हे शहर आजही त्यासाठी ओळखलं जातं. त्यात दातेरी खटका असतो आणि उघडताना करकर आवाज होतो. मिटणारा चाकू म्हणजे गरीब, निरुपद्रवी चाकू ही समजूत तिथेच मोडीत निघाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत मात्र तीन अगदी साध्या चाकूंनी जन्म घेतला, आणि मला या विषयात सर्वांत लोभस वाटतो तो हाच काळ. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू केला. लाकडात एक खाच, एक पातं, एक खिळा, बस्स. १८९७ पर्यंत त्याची १ ते १२ अशी मापं ठरली. साडेआठ सेंटिमीटर पात्याचा ८ नंबर आज सर्वांत जास्त दिसतो. यात पाठीमागची स्प्रिंगसुद्धा नाही. लाकूड पावसाळ्यात फुगलं की पातं अडकतं, ही त्याची खोड आमच्या कोकणातल्या दमट हवेत चांगलीच जाणवते. १९५५ मध्ये खिळ्याभोवती फिरणारं पोलादी कडं आलं. ते फिरवलं की उघडं पातं मिटत नाही. इतका स्वस्त आणि इतका विश्वासार्ह अडसर त्यानंतर फारसा कुणाला सुचलेला नाही.

दुसरा जपानमधला हिगोनोकामी. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी झाली. हत्यारं घडवणाऱ्या हातांना दुसरं काम शोधावं लागलं. ह्योगो प्रांतातलं मिकी हे सुतारी अवजारांचं गाव, तिथे १८९० च्या दशकात हा चाकू आकाराला आला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पात्याच्या बुडाला छोटी शेपटी. ती शेपटी अंगठ्याने दाबून धरायची, अंगठा हाच अडसर. म्हणजे रोमन घर्षणाची कल्पनाच, फक्त नेमकी केलेली. पुढे शाळकरी पोरांच्या दप्तरात तो पेन्सिली तासायला असायचा. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत खून केला. हत्यार तलवारीच्या जातीचं होतं, हिगोनोकामी नव्हे. पण मुलांच्या हातात पातं नको अशी मोहीम सुरू झाली आणि चाकू दप्तरातून गेला. एके काळी मिकीत तो बनवणारे पुष्कळ होते, आता मूळ व्यापारी नावाने बनवणारं एकच घराणं उरलं आहे.

तिसरा स्वित्झर्लंडचा. सैनिकाला डबा फोडायला आणि १८८९ च्या नव्या रायफलचे स्क्रू काढायला एक अवजार हवं होतं. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली, ते कार्ल एल्झेनर या स्विस कारागिराला झोंबलं. १८९१ मध्ये त्याने सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि तोट्यात गेला, कारण झोलिंगेनचा माल स्वस्त पडत होता. त्याला तारलं ते १२ जून १८९७ रोजी नोंदवलेल्या ‘अधिकाऱ्यांच्या चाकूने’. त्यात एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची पाती चालवण्याची युक्ती होती. या घराण्याची कंपनी पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली. तिचा खिशातला नेहमीचा लाल चाकू आजही शेफील्डच्याच पद्धतीचा आहे, मुख्य पात्याला कुलूप नाही.

उत्तरेकडे मात्र सांध्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. फिनलंडचा पुक्को आणि स्वीडनमधल्या मोरा गावचा चाकू हे दोन्ही अखंड, छोटे, कमरेला लटकणारे. दिवसभर लाकूड तासायचं, मासा साफ करायचा, तेही थंडीने बधिर झालेल्या बोटांनी. तिथे नखाने पातं उघडत बसणं परवडत नाही. शिवाय खाचेत माशाचं रक्त साचणारा चाकू धुवायचा तरी किती? मोराजवळच्या ओस्टनूर खेड्यात १८९१ मध्ये फ्रॉस्ट्सचा कारखाना निघाला. बाकीच्यांपेक्षा ही परंपरा कमी बदलली, कारण सोडवायला अडचणच नव्हती.

विसाव्या शतकात अमेरिकी शिकाऱ्यांना दोन्ही हवं होतं, अखंड चाकूचं बळ आणि मिटण्याची सोय. सॅन डिएगोच्या बक कंपनीने १९६४ च्या सुमारास ११० हा चाकू आणला. पाठीमागची पट्टी पात्याच्या खाचेत जाऊन बसते आणि दाबल्याशिवाय सुटत नाही. ही कल्पना जुनी, पण इतकी मजबूत नि इतक्या प्रमाणात कुणी विकली नव्हती. आता जरा वजन बघू. हा चाकू सुमारे २०० ग्रॅमचा आहे आणि कमरेच्या चामडी पाकिटातच न्यावा लागतो. मोराचा साधा कम्पॅनियन, साडेदहा सेंटिमीटरच्या पात्याचा, प्लास्टिकच्या म्यानासकट सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतो. अखंड चाकूचं बळ मिळवण्याच्या नादात मिटणारा चाकू अखंड चाकूहून जड झाला आणि शेवटी त्याच्याच जागी, पट्ट्याला जाऊन लटकला.

यातून सुटका केली ती स्पायडरको या अमेरिकी कंपनीने. १९८१ मध्ये तिच्या सॅल ग्लेसरने पात्याला गोल भोक पाडलं, म्हणजे अंगठ्याने एका हाताने उघडता येतं, आणि मुठीला क्लिप लावली, म्हणजे चाकू खिशाच्या काठाला उभा राहतो. त्याच दशकात मायकेल वॉकर या कारागिराने मुठीच्या आतली पातळ पट्टीच अडसर म्हणून वापरली. ख्रिस रीव्हने तर मुठीची एक बाजूच चिरून तिचा अडसर केला. १९९८ मध्ये बेंचमेड कंपनीने आडव्या दांडीचा अडसर आणला. आता मिटणारा चाकू एका हाताने उघडत होता, घट्ट बसत होता, आणि खिशात जाणवतही नव्हता. तांत्रिकदृष्ट्या वाद इथेच मिटायला हवा होता.

तो मिटू दिला नाही कायद्याने. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या मिटणाऱ्या खिशातल्या चाकूला सवलत दिली. १९९३ मध्ये न्यायालयाने ठरवलं, की पातं अडसराने घट्ट होत असेल तर सवलत नाही, कारण तसा चाकू अखंड चाकूसारखाच झाला. बोटं वाचवण्यासाठी केलेली सोय हाच आरोप ठरला. स्पायडरकोने मग ब्रिटनसाठी मुद्दाम बिनकुलपाचा चाकू काढला. जर्मनीने २००८ मध्ये नेमकं उलट टोक गाठलं. एका हाताने उघडणारे आणि घट्ट बसणारे चाकू सबळ कारणाशिवाय बाळगायला बंदी, पण अखंड चाकू १२ सेंटिमीटरपर्यंत चालतील. (२०२४ मध्ये तिथले नियम आणखी कडक झाले.) साहजिकच जर्मन बाजारात छोट्या अखंड चाकूंना मागणी आली. त्याच २००८ च्या मॉडेलमध्ये स्विस सैन्याने आपल्या सैनिकाला एका हाताने उघडणारं, कुलूप असलेलं पातं दिलं, हा योगायोग मला फार आवडतो. मोराच्या एल्ड्रिस या चाकूचं पातं ५९ मिलिमीटरचं आहे. इतका आखूड अखंड चाकू निघाला, कारण एव्हाना म्यानंही बदलली होती. चामड्याऐवजी कायडेक्ससारखं प्लास्टिक तापवून पात्यावर दाबलं की चाकू उलटा लटकवला तरी पडत नाही, मग तो गळ्यातही घालता येतो आणि खिशातही.

आपल्याकडे वर्गवारी वेगळीच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत सांध्याचा नि कुलपाचा विचार नाही. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि घरगुती, शेतीची, कारखान्यातली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कमरेच्या आकडीत कोयती अडकवून बागेत जाणारा कोकणातला माणूस, किंवा काती घेऊन माडावर चढणारा गोव्यातला रेंदेर (माडी काढणारा), कुठल्याही युरोपियन मापाने भलतंच मोठं पातं उघड्यावर नेतो आणि कुणी मान वळवून बघत नाही. मिटणारा चाकू मात्र इथे बदनाम आहे, तो रामपुरीमुळे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा खटक्याचा लांब चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडांच्या हातात इतका दिसला, की मुंबईत ‘रामपुरी’ एवढंच म्हटलं तरी पुरे. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा बसला. २०२३ मध्ये मात्र त्याच शहराने वीस फुटी चाकूचा पुतळा उभारून चौकाला ‘चाकू चौक’ नाव दिलं.

महाराष्ट्रात ट्रेकरने लक्षात ठेवायची बाब आणखी वेगळी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली सणासुदीला, निवडणुकीला ठरावीक मुदतीचे मनाई आदेश निघतात, आणि त्यांतल्या यादीत तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर सुरेही असतात. आदेश मोडल्यास कलम १३५ लागतं. आदेश चालू असताना एसटी स्टँडवर झडती झाली, तर चाकू मिटतो की नाही यावरून सुटका होत नाही. भांडी, कांदे, मसाल्याच्या पुड्यांसोबत सॅकच्या तळाशी असलेला आणि पँटच्या खिशाला क्लिपने लावलेला, यांत पोलीस फरक करण्याची शक्यता जास्त.