पार्श्वभूमी : चंद्रावरचे पाणी आणि ३ मायक्रॉनची खाच

चांद्रयान-१ ने चंद्रावर पाणी शोधले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्यात खोटे काही नाही. मात्र ज्या उपकरणाने ते टिपले, ते 'मून मिनरॉलॉजी मॅपर' ऊर्फ 'एम-थ्री' नासाचे होते, आणि ती खूण दुसऱ्या एका यानाने दहा वर्षे आधीच नोंदवून ठेवली होती.

सूर्यप्रकाश खडकावर पडून परततो तेव्हा त्यातल्या ठरावीक तरंगलांबी खनिजे शोषून घेतात. परतलेला अवरक्त प्रकाश वर्णपटमापकाने वेगळा केला की आलेखात तेवढ्या जागी खाचा पडलेल्या दिसतात. पायरॉक्सिन या खनिजाच्या खाचा १ आणि २ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतात. पाण्यात असतो त्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची ३ मायक्रॉनच्या जवळ.

ही ३ मायक्रॉनची जागा फसवी आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये मरिनर-७ मंगळाजवळून गेले, तेव्हा त्यावरच्या अवरक्त वर्णपटमापकाला दक्षिण ध्रुवाच्या बर्फाळ टोपीपाशी ३ आणि ३.३ मायक्रॉनला खाचा दिसल्या. बर्कली विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पिमेंटेल यांनी पत्रकार परिषदेत अमोनिया आणि मिथेन सापडल्याचे सांगून टाकले. साहजिकच जीवसृष्टीची चर्चा सुरू झाली. पुढे प्रयोगशाळेत गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जाड थर तपासला, तर खाचा त्याच्याच निघाल्या. दावा मागे घ्यावा लागला.

चंद्राच्या बाबतीत उलटे घडले. अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीत पाण्याचा अंश आढळला, तरी तो पृथ्वीवरच्या दमट हवेचा मानला गेला. काही डबे नीट हवाबंद राहिले नव्हते, त्यामुळे ही शंका रास्तच होती. चंद्र कोरडा, हे मत इतके पक्के झाले की ऑगस्ट १९९९ मध्ये शनीकडे जाताना कॅसिनीने चंद्राचा वर्णपट घेतला, त्यात ही खाच होती, तरी तो शोध २००९ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही.

२२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ निघाले. ब्राउन विद्यापीठाच्या कार्ली पीटर्स यांच्या चमूला एम-थ्रीच्या नोंदींत २.८ ते ३ मायक्रॉनदरम्यान खाच दिसली आणि पहिला संशय उपकरणावरच गेला. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉजर क्लार्क यांनी कॅसिनीच्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. हार्टली-२ धूमकेतूकडे निघालेल्या डीप इम्पॅक्ट यानाने जून २००९ मध्ये चंद्र पाहिला. तिन्हींचे जुळले, तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये 'सायन्स'मध्ये शोधनिबंध आले. तोवर चांद्रयान-१ चा संपर्क तुटून महिना होत आला होता.

'पाणी' म्हणून डोळ्यांसमोर तळे आणू नये. टनभर मातीमागे जेमतेम लिटरभर, तेही वरच्या काही मिलिमीटरच्या थरात, असा तेव्हाचा अंदाज होता. सौरवाऱ्यातला, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांतला, हायड्रोजन मातीतल्या ऑक्सिजनशी जुळून ते बनत असावे.

खरी अडचण पुढे होती. एम-थ्रीची नजर ३ मायक्रॉनला संपायची. हायड्रॉक्सिलची (एक ऑक्सिजन आणि एकच हायड्रोजन अशी जोडी) खाच २.८ च्या जवळ असते, पाण्याच्या रेणूची ३ च्या आसपास आणि पलीकडेही पसरलेली. म्हणजे अर्धी खाच पाहून निवाडा करायचा. भरीस भर म्हणजे दुपारी तापलेला चंद्र स्वतःच या पट्ट्यात प्रकाश सोडतो. ती उष्णता वजा कशी करायची यावर खाचेची खोली ठरते, म्हणून ओलावा सकाळ-संध्याकाळ बदलतो की नाही, हा वाद चालूच राहिला.

चांद्रयान-२ वरचा 'आयआयआरएस' हा इस्रोचा वर्णपटमापक ०.८ ते ५ मायक्रॉनपर्यंत पाहतो, तो याच कारणाने. त्याच्या नोंदींतून हायड्रॉक्सिल आणि पाणी वेगवेगळे ओळखल्याचा निबंध २०२१ मध्ये आला. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये 'सोफिया' या विमानातल्या दुर्बिणीने क्लेव्हियस विवरात ६ मायक्रॉनची खाच टिपल्याचे जाहीर झाले होते. ती फक्त पाण्याच्या रेणूचीच असते, हायड्रॉक्सिलची नाही, त्यामुळे माझ्या मते सर्वांत निर्विवाद पुरावा तोच. ३.६ मायक्रॉनपर्यंत पाहणारा एम-थ्रीचा वारसदार घेऊन नासाचे 'लूनर ट्रेलब्लेझर' फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाले, पण दुसऱ्याच दिवशी त्याचा संपर्क तुटला आणि जुलैअखेर ती मोहीम संपल्याचे जाहीर करण्यात आले.