हळू बदलणारी परिमाणे

ग्राहकाचा पत्ता, दुकानाचा विक्री विभाग, तालुक्याचा जिल्हा या गोष्टी रोज बदलत नाहीत. पण बदलल्या की मागच्या सगळ्या हिशेबांचा अर्थ बदलू शकतो. डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे अहवालांसाठी सगळीकडचा डेटा एकत्र साठवतात त्या जागी, अशा वर्णनात्मक नोंदींचा इतिहास सांभाळण्याच्या पद्धतीला ‘हळू बदलणारी परिमाणे’ म्हणतात. कामाच्या जागी मात्र ‘एससीडी’ (स्लोली चेंजिंग डायमेन्शन) आणि ‘डायमेन्शन’, म्हणजे अशा नोंदींचे टेबल, हेच शब्द चालतात, म्हणून पुढे तेच वापरले आहेत. ही मांडणी राल्फ किंबॉल या अमेरिकी तज्ज्ञाची. १९९६ मध्ये त्यांनी बदल हाताळण्याचे तीन प्रकार मांडले. टाइप १ मध्ये जुने पुसून नवे लिहायचे. टाइप २ मध्ये जुनी ओळ तारीख घालून बंद करायची आणि नवी ओळ उघडायची. टाइप ३ मध्ये त्याच ओळीत ‘पूर्वीचे’ असा जादा रकाना ठेवायचा. नंतर टाइप ०, म्हणजे एकदा लिहिले ते कधीच न बदलणे, आणि ४ ते ७ हे प्रकार आले. टाइप ६ हे नाव १, २ आणि ३ यांच्या बेरजेवरून पडले आहे. प्रत्यक्ष कामात १ आणि २ नीट जमले तर बाकीच्यांची गरज क्वचित भासते.

फेरफार आणि दुरुस्ती

मराठवाड्यात जमिनीच्या कागदासाठी ज्याने हेलपाटे घातले आहेत, त्याला टाइप २ चटकन उमगतो. आज मालक कोण, हे सातबारा सांगतो; तो मालक कसा झाला, हे फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये सापडते. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुने नाव खरवडून काढत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहीत. वारसाचा वाद निघाला की माणूस एकेक फेरफार धरत मागे जातो, ते थेट १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत. मधली एक कडी जरी गहाळ असली तरी त्याचे म्हणणे लंगडे पडते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये दोन वेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगळी कलमे आहेत. हक्कातला खरा बदल कलम १५० प्रमाणे फेरफाराने नोंदवला जातो. लिहिताना झालेली चूक कलम १५५ प्रमाणे दुरुस्त होते. टाइप २ आणि टाइप १ यांच्यातला फरक हाच आहे. ‘जालना’ऐवजी कोणी ‘जलना’ टाइप केले असेल तर ती दुरुस्ती. त्या चुकीचा इतिहास ठेवून कोणाचे भले होत नाही. दुकान खरोखर दुसऱ्या विभागात गेले असेल तर तो फेरफार. तो पुसला तर मागच्या हंगामाची विक्री भलत्याच विभागाच्या नावावर चढते. डेटा भरण्याचे टूल कोणतेही असो, प्रत्येक रकान्यापुढे बोट ठेवून हा एकच प्रश्न विचारायचा असतो: इथे जे बदलेल तो फेरफार की दुरुस्ती? त्याचे उत्तर संगणकवाल्याने एकट्याने देऊ नये. विक्री, हिशेब, गोदाम बघणारी माणसे समोर बसवून ते घ्यावे.

बदलते जिल्हे, बदलती नावे

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते. आज आठ आहेत. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर निघाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली. कळमनुरी तालुका १९९८ साली परभणी जिल्ह्यात होता आणि २००० साली हिंगोलीत. तालुक्यांची मागच्या चाळीस वर्षांची पेरणी किंवा पाऊस जिल्हावार मांडायला घेतला, आणि तालुक्याच्या टेबलात ‘जिल्हा’ हा रकाना टाइप १ ठेवला, तर १९९० सालीसुद्धा हिंगोली जिल्हा होता असे अहवाल सांगू लागतो, आणि परभणीचा त्या वर्षीचा आकडा छापील पुस्तकाशी जुळत नाही. इथे टाइप २ लागतो.

नावाचे तसे नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्हा तोच, नाव नवे. इथे टाइप २ लावला तर एकाच जिल्ह्याच्या आलेखाचे २०२३ पाशी दोन तुकडे पडतात आणि बघणाऱ्याला वाटते, एक जिल्हा संपला नि दुसरा सुरू झाला. प्रस्तुत नोंदकाराच्या मते नावासाठी टाइप १ ठेवावा आणि जोडीला टाइप ३ चा ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना द्यावा, म्हणजे जुन्या पावत्यांवरचे ‘उस्मानाबाद’ शोधणारालाही वाट सापडते. ज्या गावाची नावे एकापेक्षा जास्त वेळा बदलली तिथे एक रकाना पुरत नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेले खडकी, पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. अशा ठिकाणी नावांचे टेबलच वेगळे करावे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. नावाला ओळखीची किल्ली करू नये, हे सगळ्यांना पटते. पण सरकारी कोडही कायमचे नसतात. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यांना राज्यापुरते क्रमांक होते, २०११ मध्ये ते देशभर सलग दिले गेले. म्हणून डायमेन्शनच्या प्रत्येक ओळीला वेअरहाउसने स्वतःचा, अर्थ नसलेला क्रमांक द्यायचा असतो. त्याला सरोगेट की म्हणतात. विक्रीच्या टेबलात हाच क्रमांक जातो.

टूलमधली मांडणी

पेंटाहो डेटा इंटिग्रेशन हे वेअरहाउसमध्ये डेटा भरण्याचे टूल अजूनही पुष्कळ जण ‘केटल’ या जुन्या नावानेच ओळखतात. मॅट कास्टर्स यांनी ते तयार केले आणि २००६ मध्ये ते पेंटाहो कंपनीकडे आले. त्यात या कामासाठी ‘डायमेन्शन लुकअप/अपडेट’ ही एकच पायरी आहे, आणि तिच्याकडे बारकाईने पाहिले तर बाकीची टूल समजायला वेळ लागत नाही.

उदाहरणासाठी जालन्याचा बियाण्यांचा व्यापार घेऊ. मंठ्यातल्या एका कृषी सेवा केंद्राचा कोड ४१७. ते परतूर विभागात होते; १ जून २०२४ पासून जालना विभागात गेले. टेबलात आता त्याच्या दोन ओळी दिसायला हव्यात. पहिली: सरोगेट की १०८२, कोड ४१७, आवृत्ती १, विभाग परतूर, १ जानेवारी १९०० पासून १ जून २०२४ पर्यंत. दुसरी: सरोगेट की २९६४, कोड ४१७, आवृत्ती २, विभाग जालना, १ जून २०२४ पासून २१९९ सालाच्या अखेरपर्यंत. १९०० आणि २१९९ ही केटलने स्वतः धरलेली टोके आहेत. पहिली आवृत्ती इतकी मागे नेली की जुनी पावती उशिरा आली तरी तिला ओळ मिळते. १ जून दोन्ही ओळींत दिसतो, पण गोंधळ होत नाही, कारण शोधताना ‘पासून’ची तारीख धरली जाते आणि ‘पर्यंत’ची सोडली जाते.

हे घडवण्यासाठी ‘कीज’ या भागात मूळ कोडचा (इथे ४१७ ज्यात आहे तो) रकाना द्यायचा, सरोगेट कीचा आणि आवृत्तीचा रकाना सांगायचा, दोन तारखांचे रकाने सांगायचे. मग ‘फील्ड्स’ या भागात एकेका रकान्यापुढे बदलाची रीत निवडायची. ‘इन्सर्ट’ म्हणजे नवी ओळ, अर्थात टाइप २. ‘पंच थ्रू’ म्हणजे त्या कोडच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये त्या रकान्यात नवी नोंद लिहिणे, म्हणजेच टाइप १. या दोहोंच्या मधे ‘अपडेट’ आहे आणि नवखा माणूस तिथेच फसतो. नावावरून तो टाइप १ वाटतो, पण तो फक्त शेवटची आवृत्ती बदलतो. मालकाच्या नावातली चूक ‘अपडेट’ने सुधारली तर नव्या ओळीत नाव बरोबर आणि जुन्या ओळीत चुकीचेच राहते, आणि नावानुसार बेरीज मागितली की एकाच माणसाची दोन माणसे होतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा रकाना मात्र ‘स्ट्रीम डेटफील्ड’ हा आहे. बदल कोणत्या तारखेपासून लागू, ते इथे सांगायचे असते. तो रिकामा ठेवला तर टूल तक्रार करत नाही, गुपचूप आजची तारीख घेते. एका बियाणे व्यवसायात हे नोंदकाराने जवळून पाहिले आहे. केंद्रांची विभागबदली जूनच्या पहिल्या तारखेपासून होती, पण मृगाच्या पेरणीची घाई. कार्यालयात ती नोंद चढली जुलैच्या शेवटी. रात्री आपोआप चालणाऱ्या डेटा भरण्याच्या जॉबने जुलैची तारीख लावली. सोयाबीन आणि कपाशीच्या बियाण्यांची बहुतेक विक्री जूनमध्येच होते, ती सगळी जुन्या विभागाच्या नावावर गेली, आणि नव्या विभागात राबलेल्या माणसाचा प्रोत्साहन भत्ता कमी निघाला. चूक सापडली ती त्याने स्वतःच्या वहीतला हिशेब आणून दाखवला तेव्हा.

त्याच पायरीत ‘डायमेन्शन अपडेट करायचे का’ अशी एक खूण असते. डायमेन्शन भरताना ती चालू ठेवायची. विक्री भरताना तीच पायरी खूण काढून वापरायची. तेव्हा ती फक्त शोध घेते आणि पावतीच्या तारखेला लागू असलेल्या ओळीची की परत देते. इथेही तारीख द्यावीच लागते, आणि ती पावतीची, जॉब चालल्याची नव्हे. हंगाम संपल्यावर न विकलेल्या बियाण्यांच्या पिशव्या परत येतात, त्यांच्यासाठी मूळ विक्रीची तारीख धरायची की परतीची, हे आधी ठरवून लिहून ठेवावे. कोड सापडलाच नाही तर केटल ‘अज्ञात’ अशा एका राखीव ओळीची की देते. ती ओळ कोणी नकोशी म्हणून काढून टाकू नये. तिच्यावर किती विक्री साठली आहे, हे रोज बघावे.

इतर टूलमध्ये शब्द बदलतात, प्रश्न बदलत नाही. टॅलेंडच्या एससीडी एडिटरमध्ये रकाने ओढून टाइप ० ते ३ च्या चौकटींत टाकायचे असतात. मायक्रोसॉफ्टच्या एसएसआयएसमधला विझार्ड प्रत्येक रकाना ‘फिक्स्ड’, ‘चेंजिंग’ की ‘हिस्टॉरिकल’ असे विचारतो. तो शिकायला सोपा, पण ओळीमागून ओळ अपडेट करतो म्हणून मोठ्या टेबलावर रेंगाळतो. डीबीटी (dbt) या टूलमध्ये यासाठी ‘स्नॅपशॉट’ असतो. त्याच्या ‘टाइमस्टॅम्प’ रीतीत बदलाची वेळ मूळ टेबलाच्या रकान्यातून येते आणि ‘चेक’ रीतीत, वेगळे काही सांगितले नाही तर, जॉब चालल्याची वेळ लागते. वरच्या गोष्टीतला भत्ता इथेही तसाच चुकला असता.

खोट्या आवृत्त्या

काहीच बदललेले नसताना रोज रात्री नवी आवृत्ती तयार होणे हा या कामातला नेहमीचा आजार आहे. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, एकीकडे रिकामा आणि दुसरीकडे ‘नल’, म्हणजे मूल्यच नाही अशी खूण, असलेला रकाना, दशांशाचे जादा शून्य ही त्याची ओळखीची कारणे. मराठी मजकुरात आणखी एक कारण आहे, आणि ते इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. वऱ्हाडे, कुऱ्हाडे या आडनावांतला अर्धा ‘ऱ्’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारी जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, टूलला मात्र दोन वेगळे शब्द दिसतात. एका शाखेत एक कीबोर्ड आणि दुसरीत दुसरा असेल तर ते केंद्र आलटून पालटून नव्या आवृत्त्या काढत राहते. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिले असेल तर ते एका रूपात आणण्याची रीतही, ही जोडखूण काढत नाही. तुलनेच्या आधी ती बदलून घेणारी वेगळी पायरी लिहावी लागते.

जॉब संपल्यावर दोन गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ काही पकडले जाते: एका कोडची चालू ओळ एकच आहे ना, आणि एका ओळीची ‘पर्यंत’ची तारीख पुढच्या ओळीच्या ‘पासून’शी जुळते ना. बदल टूलकडे तारखेच्या क्रमाने गेले नाहीत किंवा तीच पायरी एकाच वेळी दोन प्रतींत चालवली, तर हे हमखास बिघडते. तारीख खरी आहे की नाही, हे मात्र कोणत्याही तपासणीत कळत नाही. वर सांगितलेल्या बियाणे व्यवसायात मूळ प्रणालीत ‘लागू दिनांक’ असा रकानाच नव्हता. विभागबदलीच्या आदेशांची फाइल कपाटातून काढून एकेका केंद्राची तारीख हाताने टिपली, डायमेन्शन पुसून पुन्हा पहिल्यापासून भरले आणि त्या हंगामाची विक्री त्यावर नव्याने चढवली.