पेटीतलं बाळ आणि वॉर्डातले जंतू

बाळ अपुऱ्या दिवसांचं असलं की आपल्याकडे 'पेटीत ठेवलंय' असं सांगतात. ही पेटी पॅरिसच्या प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास वापरात आणली. खाली गरम पाणी, वर उबेला बाळं. बाळं, कारण पहिल्या पेटीत एकाहून जास्त मुलं मावत. ऊब मिळाली खरी, पण एकाचे जंतू शेजाऱ्याला मिळण्याचीही सोय झाली.

पुढे निरोगी बाळांनाही आईपासून वेगळं करून नर्सरीत ओळीने निजवायची पद्धत श्रीमंत देशांत रुजली. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या अशा नर्सऱ्यांमध्ये पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू पसरला, नंतर ब्रिटन-अमेरिकेतही. बाळाच्या अंगावर पुवाचे फोड दिसत, आणि घरी गेल्यावर आईच्या स्तनात गळू होई. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या डॉक्टरांनी जंतूंची वाट शोधली, तेव्हा हवेपेक्षा परिचारिकांचे न धुतलेले हात जास्त दोषी निघाले.

हात धुवायला लावणं कटकटीचं. बाळालाच धुणं सोपं. हेक्झाक्लोरोफिन या जंतुनाशकाच्या आंघोळी सुरू झाल्या आणि स्टॅफिलोकॉकस हटलाही. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ की औषध आत झिरपून मेंदूपर्यंत पोचे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आंघोळींविरुद्ध इशारा दिला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये चुकून हेच रसायन भरपूर मिसळलेल्या टाल्कम पावडरीने ३६ मुलं दगावली. शिवाय क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारख्या जंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नसे. त्यांना हवा असतो ओलावा: सिंक, सक्शनची नळी, पेटीतली हवा दमट ठेवणारं पाणी.

कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात पेट्या कमी, बाळं जास्त आणि संसर्ग सतत. १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळ सरळ आईच्या छातीशी बांधलं. 'कांगारू मदर केअर'चा जन्म असा अडचणीतून झाला.

भारतातलं चित्र दिल्लीच्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या अभ्यासाने समोर आणलं. २०११ ते २०१४ दरम्यान तिथे दाखल झालेल्या तेरा हजारांहून अधिक नवजातांपैकी १४ टक्क्यांना जंतुदोष झाला होता, आणि सर्वांत जास्त सापडला तो अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू, तोही बहुतांशी अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी नव्वदच्या दशकात घरोघरी जाऊन साध्या जेंटामायसिनच्या इंजेक्शनांनी बाळं वाचवली होती. रुग्णालयातल्या या जंतूंपुढे अशी साधी औषधं थिटी पडतात.

मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते. पहिल्या ७२ तासांतला संसर्ग आईकडून येतो आणि नंतरचा रुग्णालयातून, असं पाठ्यपुस्तकं सांगत. दिल्लीत दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतलेच होते, तरी जंतू मात्र रुग्णालयी. म्हणजे शोध पेटीच्या आधी घ्यायला हवा: प्रसूतीच्या टेबलावर, नाळ कापायच्या कात्रीपाशी, बाळाला पहिल्यांदा झेलणाऱ्या हातांवर.