सुलट आणि उलट: निटवेअर-शिक्षणामागचा इतिहास

वस्त्ररचनेच्या कार्यशाळेत निटवेअर, म्हणजे टाके घालून विणलेले कपडे, शिकताना संगणकीय यंत्राकडे वळण्याआधी हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घ्यावा, हा आग्रह केवळ परंपरेचा नाही. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना छेदतात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच धागा आपल्याच आधीच्या टाक्यातून ओवला जातो, म्हणून ते कापड ताणले जाते, एक टाका सुटला की खालपर्यंत उसवते आणि टाके वाढवून किंवा कमी करून त्याला विणतानाच आकार देता येतो. हा गुण बोटांना कळल्याशिवाय यंत्र कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या तंत्राचे जुने पुरावे इजिप्तमध्ये सापडतात. तिथल्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील मोज्यांना पूर्वी सुयांवरचे विणकाम समजले जाई, पण ते एका नेढ्याच्या सुईने, धाग्याचे तुकडे जोडत केलेले वेगळे काम आहे. दोन किंवा अधिक सुयांवरचे खरे विणकाम त्यानंतर कित्येक शतकांनी, पांढऱ्या आणि निळ्या सुताच्या मोज्यांत दिसते, आणि तेही गोलाकार, शिवणीशिवाय विणलेले. उलट टाक्याचे (म्हणजे सुलट टाक्याची मागची बाजू पुढे आणणाऱ्या टाक्याचे) ठळक उदाहरण तर थेट फ्लॉरेन्सच्या डचेस एलेओनोरा दी तोलेदो यांच्या, म्हणजे 1562 साली त्यांच्यासोबत पुरलेल्या मोज्यांतले आहे. आज पहिल्याच धड्यात येणारा हा टाका मिळाला, तेव्हाच एकाच बाजूने सुलट-उलटची नक्षी उठवणे सोपे झाले.

1589 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधील विल्यम ली यांनी मोजे विणण्याचे यंत्र बनवले. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडेदार सुई देऊन पूर्ण ओळ एकदम विणणारे हे यंत्र फक्त सुलट टाका घालत असे. ही उणीव जेडेडाया स्ट्रट यांनी 1758–59 च्या सुमारास भरून काढली: सुयांचा दुसरा संच जोडून त्यांनी काही टाके उलटवले आणि यंत्रावर लवचीक रिब, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या रेघांची वीण, विणता येऊ लागली. कार्यशाळेतल्या, सुयांची एकच पट्टी असलेल्या हातयंत्रावर विद्यार्थ्याला नेमकी हीच अडचण येते. रिब हवी असेल तर दुसरी पट्टी जोडावी लागते, नाहीतर टाके सोडून, खालपर्यंत उसवून, हातसुईने एकेक करून उलटे उचलावे लागतात. हे कंटाळवाणे काम एकदा तरी करावेच, कारण स्ट्रट यांनी काय साधले ते त्यातूनच उमगते.

लींच्या सुयांचे आकडे बंद करायला वेगळी दाबपट्टी लागे. मॅथ्यू टाउनसेंड यांनी 1849 मध्ये पेटंट घेतलेल्या लॅच सुईने ती गरज संपवली. तिच्यावरची छोटी झडप जुना टाकाच सरकताना उघडतो आणि मिटतो. हातयंत्रांत आजही हीच सुई असते. 1864 मध्ये विल्यम कॉटन यांच्या यंत्राने कापडाच्या कडेचे टाके आपोआप कमी-जास्त करून आकाराचे तुकडे विणणे व्यवहार्य केले, तर जपानच्या शिमा सेइकी कंपनीने 1995 मध्ये संपूर्ण कपडा शिवणीशिवाय विणणारे यंत्र प्रदर्शित केले. त्याची आज्ञावली लिहितानाही कोणता टाका कोणत्या सुईवर हलवायचा आणि कोणता सुलट, कोणता उलट, हे रचनाकारालाच ठरवावे लागते.